फिटची गोळी: ती काय करते, काय त्रास देते आणि ती मनाने का सोडायची नाही

पंधरा-सोळा वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हा मी स्टाफ नर्स होते. रात्रपाळीला एका बाईला चार माणसांनी रिक्षातून आणलं. वय तेवीस-चोवीस. फिट सुरू होऊन पाऊण तास झाला होता. एक संपते न संपते तोच दुसरी, मध्ये शुद्ध नाहीच. इंजेक्शनं झाली, ऑक्सिजन लावला, पहाटे कुठे अंग सैल पडलं. पाच दिवसांनी ती उठून बसली. मी केसपेपर भरायला गेले तर ती म्हणाली, "सिस्टर, मी तुम्हाला ओळखते. ओपीडीत तुम्हीच गोळ्या दिल्या होत्या."

तिने त्या गोळ्या तीन आठवडे घेतल्या होत्या. दिवसभर गुंगी यायची. शिलाई मशीनवर डुलकी लागली, सुपरवायझर ओरडला, म्हणून तिने एका दिवसात गोळी बंद केली. मी तिला विचारलं, "मग येऊन सांगायचं नाही का?" ती म्हणाली, "झोप येणार, आणि ती पुढे कमी होणार, हे तुम्ही तरी कुठे सांगितलं?"

तिचं बरोबर होतं. खिडकीपुढे रांग होती, मी पाकिटावर सकाळ-संध्याकाळची खूण केली आणि पुढच्या माणसाला हाक मारली. त्या दिवशी जे सांगायचं राहिलं, ते या पानावर सांगते आहे.

फिट म्हणजे काय

कुणी आकडी म्हणतं, कुणी मिरगी, कुणी फेफरं. डॉक्टर अपस्मार म्हणतात. मेंदूत अब्जावधी पेशी आहेत आणि त्या एकमेकींशी अगदी बारीक विजेच्या झटक्यांनी बोलतात. एरवी हे बोलणं पाळीपाळीने चालतं. वस्तीच्या नळावर रांग नीट असली की सगळ्यांचे हंडे भरतात. रांग मोडली आणि सगळे एकदम घुसले की पाणी कुणालाच मिळत नाही, नुसता गोंधळ. फिटमध्ये मेंदूत हेच होतं. पेशींचा एक गट, किंवा सगळा मेंदू, एकदम झटके टाकू लागतो. हात-पाय झाडले जातात, दातखिळी बसते, कपड्यात लघवी होते. काहींना झटके येत नाहीत. ते काही सेकंद टक लावून बघत राहतात, नाहीतर ओठ चावल्यासारखे हलवतात. तीही फिटच.

कारणं बरीच आहेत. जन्माच्या वेळी बाळ उशिरा रडलेलं असतं, डोक्याला मार लागलेला असतो, मेंदूज्वर किंवा मेंदूचा टीबी होऊन गेलेला असतो, अर्धांगाचा झटका आलेला असतो. आपल्याकडे आणखी एक कारण दिसतं, मेंदूत झालेली फीतकृमीची गाठ. या जंताची अंडी बाधित माणसाच्या विष्ठेतून पाणी, भाजी किंवा न धुतलेल्या हातांवाटे पोटात जातात. म्हणून ज्याने आयुष्यात मटण शिवलं नाही त्यालाही ही गाठ होऊ शकते. बऱ्याच जणांत मात्र कारण सापडतच नाही.

हे बाहेरचं नाही, अंगात आलेलं नाही, कुणाची करणी नाही. हा एकाचा दुसऱ्याला लागणारा आजारही नाही. भूत उतरवण्याच्या नावाखाली माणसाला मारहाण करणं, चटके देणं, साखळीने बांधणं हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. अंगाऱ्यावर गेलेलं प्रत्येक वर्ष उपचाराविना गेलेलं वर्ष असतं.

गोळी काय करते

एक गोष्ट आधी समजून घ्या. ही गोळी आजार मुळातून उपटत नाही. ती फिट येऊ देत नाही. छत्री पाऊस थांबवत नाही, पण आपल्याला भिजू देत नाही. पाऊस चालू असताना छत्री मिटली तर भिजणारच.

गोळ्या वेगवेगळ्या रीतीने काम करतात.

पहिली रीत दाराची. मेंदूच्या प्रत्येक पेशीला बारीक दारं असतात. त्यातून सोडियम आत शिरलं की पेशी झटका टाकते. फेनिटॉइन (एप्टॉइन या नावाने मिळते) आणि कार्बामाझेपिन (टेग्रेटॉल, मॅझेटॉल) या गोळ्या ते दार एकदा बंद झालं की थोडा जास्त वेळ बंद धरून ठेवतात. पेशी शांतपणे काम करत असेल तर तिला अडचण होत नाही. पण ती भराभर झटके टाकू लागली की दार वेळेत उघडत नाही आणि झटका तिथेच अडतो. म्हणून माणूस बोलतो, चालतो, अभ्यास करतो, फक्त फिट अडते. सोडियम मिठातही असतं, म्हणून कुणी जेवणातलं मीठ तोडू नका. त्याने फिट थांबत नाही.

दुसरी रीत ब्रेकची. मेंदूत पेशींना शांत करणारं एक रसायन मुळातच असतं, त्याचं नाव गाबा. फेनोबार्बिटोन (गार्डिनल) आणि क्लोबाझाम (फ्रिझियम) त्या रसायनाचा जोर वाढवतात. ब्रेक लागतो म्हणून फिट थांबते, आणि ब्रेक लागतो म्हणूनच झोपही येते. फेनोबार्बिटोन हे फार जुनं औषध, १९१२ पासून फिटवर वापरलं जातं, आणि स्वस्त आहे.

तिसरी रीत निरोपाची. एक पेशी दुसरीला निरोप देते तेव्हा रसायनाच्या बारीक पिशव्या फुटतात. लेव्हेटिरॅसिटॅम (लेव्हिपिल) या पिशव्यांवर काम करते आणि निरोपांचा भडिमार होऊ देत नाही. सोडियम व्हालप्रोएट (व्हालपारिन, एन्कोरेट) एकाच वेळी दोन-तीन रीतींनी काम करते, म्हणून ती बऱ्याच प्रकारच्या फिटवर चालते.

यातून एक गोष्ट लक्षात घ्या. फिटचे प्रकार वेगळे, गोळ्याही वेगळ्या. कार्बामाझेपिन आणि फेनिटॉइन काही प्रकारच्या फिट, उदाहरणार्थ सकाळी उठल्यावर हात उडणाऱ्या, उलट वाढवू शकतात. शेजारच्या मुलाला जी गोळी लागू पडली ती आपल्या मुलीला उसनी आणून देऊ नका. डॉक्टरांना फिटचं नीट वर्णन सांगा. मोबाईलवर अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ काढून दाखवला तर निदानाला मोठी मदत होते.

डोस हळूहळू का, रोज वेळेवर का

रक्तातलं औषध म्हणजे खाली बारीक भोक असलेली टाकी. वरून आपण ओततो, खालून यकृत आणि मूत्रपिंड ते बाहेर टाकतात. पातळी एका रेघेवर राहिली तर फिट अडते. रेघेखाली गेली तर फिट येते, फार वर गेली तर त्रास होतो.

प्रत्येक औषधाचं भोक वेगळं. लेव्हेटिरॅसिटॅम लवकर बाहेर पडते, म्हणून साधी गोळी दिवसातून दोनदा घ्यावी लागते. फेनोबार्बिटोन सावकाश बाहेर पडते, म्हणून बहुतेक वेळा रात्री एकदा पुरते. पण तिची टाकी भरायलाच दोन-तीन आठवडे लागतात. "आठ दिवस घेतली, काही फरक नाही" म्हणून ती सोडणं चूक आहे.

फेनिटॉइनची तऱ्हा आणखी वेगळी. एका मर्यादेपर्यंत यकृत ती बाहेर टाकतं, मग त्याचा हात थकतो. त्यानंतर अर्धी गोळी जरी वाढवली तरी रक्तातली पातळी एकदम चढते. फिट आली म्हणून मनानेच एक गोळी जास्त घेतलेली माणसं दारू प्यायल्यासारखी झोकांड्या खात दवाखान्यात आलेली मी पाहिली आहेत.

गोळी चुकली तर. आठवेल तेव्हा लगेच घ्या. पण पुढच्या गोळीची वेळ जवळ आली असेल तर चुकलेली सोडून द्या. दोन एकदम घेऊ नका.

गोळी संपत आली तर. आठवडाभराचा साठा असतानाच नवीन आणा. गावी जत्रेला, लग्नाला, धम्मचक्र प्रवर्तन दिनाला नागपूरला जाताना गोळ्या आणि चिठ्ठी सोबतच्या पिशवीत ठेवा.

गोळी कशी घ्यायची. पाकिटावर सी.आर. किंवा क्रोनो लिहिलेली गोळी सावकाश विरघळण्यासाठी बनवलेली असते. ती चावू किंवा कुटू नका. मुलांच्या पातळ औषधाची बाटली दर वेळी नीट हलवा. फेनिटॉइनचं औषध तळाला बसतं. न हलवता दिलं तर वरचे दिवस मूल कमी औषधावर राहतं आणि शेवटी त्याला जास्त जातं.

कंपनी बदलताना. दुकानदाराने दुसऱ्या कंपनीची गोळी दिली तर औषधाचं मूळ नाव आणि मिलिग्रॅम तेच आहे का ते बघा आणि डॉक्टरांना कळवा. जनऔषधी केंद्रात हीच औषधं बरीच स्वस्त मिळतात. तिथून घ्यायला सुरुवात केली की सतत तिथूनच घ्या. आज ही कंपनी, उद्या ती, असं करू नका.

नेहमीचे त्रास

गुंगी, चक्कर, मळमळ, डोकं जड वाटणं, हे जवळजवळ सगळ्याच गोळ्यांनी सुरुवातीला होतं. मेंदूला सवय झाली की बहुतेकांचं काही आठवड्यांत कमी होतं. तोवर शिडी, मशीन, गाडी यांपासून जपा. कमी झालं नाही तर डॉक्टर डोस किंवा गोळीची वेळ बदलू शकतात. माझ्या त्या शिलाईवालीचं औषध नंतर बदललं आणि तिने मशीन पुन्हा चालवली.

आता गोळीप्रमाणे:

* फेनिटॉइन: हिरड्या फुगून दातांवर चढतात, अंगावर केस वाढतात. रोज दोनदा दात नीट घासले तर हिरड्यांचा त्रास कमी होतो. डोळ्यांपुढे दोन-दोन दिसणं, तोल जाणं हे डोस जास्त झाल्याचं लक्षण.
* फेनोबार्बिटोन: मोठ्यांना सुस्ती. लहान मुलं मात्र कधी कधी उलट चिडचिडी आणि अति चळवळी होतात, अभ्यासात मागे पडतात. मुलाला "वांड झालाय" म्हणून मारण्याआधी गोळी आठवा.
* कार्बामाझेपिन: चक्कर, दोन-दोन दिसणं. रक्तातलं सोडियम कमी होऊ शकतं, विशेषतः म्हाताऱ्या माणसांत. गोंधळल्यासारखं, फार थकल्यासारखं वाटलं तर रक्त तपासून घ्या.
* व्हालप्रोएट: वजन वाढणं, केस गळणं, हाताला कंप.
* लेव्हेटिरॅसिटॅम: राग, चिडचिड, उदासी. शांत नवरा अचानक ताट भिरकावू लागला, तर त्याचा स्वभाव बदलला असं समजण्याआधी डॉक्टरांना सांगा.

फेनिटॉइन, फेनोबार्बिटोन किंवा कार्बामाझेपिन अनेक वर्षं चालू असेल तर हाडं ठिसूळ होऊ शकतात. डॉक्टरांना व्हिटॅमिन डी आणि कॅल्शियमबद्दल विचारा.

हे दिसलं तर रात्र काढू नका

१. गोळी सुरू केल्यापासून पहिल्या दोन-तीन महिन्यांत अंगावर लाल पुरळ. सोबत ताप, तोंडात फोड, डोळे लाल होणं, कातडी सुटणं असेल तर जिवाला धोका असतो. कार्बामाझेपिन, फेनिटॉइन, फेनोबार्बिटोन आणि लॅमोट्रिजिन यांत हे जास्त दिसतं. "गरमी बाहेर पडली" किंवा "देवी आल्या" म्हणून घरी ठेवू नका. पुढची गोळी घेण्याच्या आधीच हॉस्पिटल गाठा. गोळी थांबवून तिच्या जागी दुसरी काय द्यायची, हे डॉक्टर ठरवतील.

२. सतत उलट्या, पोटात जोराची कळ, डोळे पिवळे, मूल मलूल पडणं. व्हालप्रोएट यकृताला किंवा स्वादुपिंडाला इजा करू शकते. दोन वर्षांखालच्या मुलांत धोका जास्त असतो.

३. वारंवार ताप, घसा दुखणं, अंगावर आपोआप काळे-निळे डाग. रक्त तपासावं लागतं.

४. जगणं नको वाटणं. हे औषधानेही होऊ शकतं, आजाराच्या ओझ्यानेही. माणसाला एकटं सोडू नका. १४४१६ या सरकारी टेलिमानस नंबरवर फुकट बोलता येतं.

दुसऱ्या औषधांशी भांडण

आपल्या वस्त्यांत टीबी आहे. टीबीची रिफॅम्पिसिन गोळी फिटच्या अनेक गोळ्यांचा जोर कमी करते, तर आयसोनियाझिड फेनिटॉइनची पातळी वाढवते. म्हणून टीबीच्या दवाखान्यात "मला फिटची गोळी चालू आहे" हे आधी सांगा आणि फिटच्या डॉक्टरांना टीबीचं सांगा. दोन्ही औषधं घ्यायची आहेत, फक्त डोस जुळवून घ्यावा लागतो.

अंगदुखीची ट्रामाडॉल आणि जुलाबाची सिप्रोफ्लॉक्सासिन या गोळ्या फिट उठवू शकतात. ॲसिडिटीचं पांढरं पातळ औषध फेनिटॉइन नीट शोषू देत नाही, दोघांत दोन तासांचं अंतर ठेवा. तापाला पॅरासिटॅमॉल चालते.

दारूबद्दल सरळ सांगते. रात्रीची दारू सकाळी उतरते तेव्हा फिट उठते. दारूवर गोळी घेतली तर गुंगी दुप्पट आणि "आज प्यायलोय म्हणून गोळी नको" म्हटलं तर फिट नक्की जवळ. यातून वाट एकच, दारू सोडणं.

बायांनी हे खास वाचावं

फेनिटॉइन, फेनोबार्बिटोन आणि कार्बामाझेपिन या गोळ्या माला-एन, माला-डी सारख्या पाळणा लांबवण्याच्या गोळ्यांचा असर कमी करतात. गोळी नियमित घेऊनही दिवस राहू शकतात. तांबीवर याचा परिणाम होत नाही. नर्सताईला विचारून ती बसवून घ्या.

व्हालप्रोएटबद्दल प्रत्येक आईने मुलीसाठी विचारलं पाहिजे. गरोदरपणी ही गोळी घेतलेल्या साधारण दहापैकी एका बाळात जन्मतः व्यंग असतं आणि दहापैकी तीन-चार मुलांत बोलणं, शिकणं, समजणं मागे पडतं. म्हणून मूल होण्याच्या वयातल्या मुलीला दुसरं औषध चालत असेल तर ते निवडावं. मुलगी वयात आली की डॉक्टरांकडे हा विषय आपण काढा, लग्न ठरेपर्यंत थांबू नका.

पण दिवस राहिले म्हणून घाबरून कुठलीच गोळी एका दिवसात सोडू नका. मोठी फिट आली तर आई आणि बाळ दोघांच्या जिवावर बेतते. त्याच आठवड्यात डॉक्टरांना भेटा. मूल हवं असेल तर दिवस राहण्याच्या आधीपासून फॉलिक ॲसिड सुरू करा. बाळंतपणानंतर बहुतेक आया अंगावर पाजू शकतात. फेनोबार्बिटोन चालू असेल तर बाळ फार झोपाळू होत नाही ना, दूध नीट ओढतं ना, एवढं बघा.

आणि लग्न. मुलीची गोळी लपवून लग्न लावतात. मग सासरी गोळी चोरून घ्यायची, सापडेल म्हणून चुकवायची आणि फिट आली की माहेरी पाठवणी. आधी कायदाही बाजूला नव्हता. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात, जो बौद्धांनाही लागू आहे, फिटचा आजार लग्नाच्या आड येत होता. १९९९ मध्ये दुरुस्ती करून हा शब्द काढून टाकला. स्पेशल मॅरेज ॲक्टमधूनही तो गेला. म्हणजे फिट येते म्हणून लग्न बेकायदेशीर ठरत नाही. तेव्हा बोलणी होतानाच सांगा. सांगून नकार आला तर मुलगी वाचली असं समजा. ज्या घरात गोळी उघड्या फळीवर राहू शकते, त्या घरात ती चुकत नाही.

किती वर्षं घ्यायची

जागतिक आरोग्य संघटना सांगते की योग्य औषध मिळालं तर शंभरातल्या सत्तर जणांच्या फिट थांबू शकतात. साधारण निम्म्या लोकांना पहिल्याच गोळीने फरक पडतो, बाकीच्यांना गोळी बदलावी किंवा जोडावी लागते. नीट घेतलेल्या दोन गोळ्यांनीही फिट थांबल्या नाहीत तर मेंदूच्या तज्ज्ञांकडे, मोठ्या सरकारी किंवा मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलात, चिठ्ठी मागून घ्या. काहींना ऑपरेशनचा उपयोग होतो.

किमान दोन वर्षं एकही फिट आली नाही तर डॉक्टर गोळी कमी करायचा विचार करतात, तोही काही महिन्यांत पायरी-पायरीने. काहींना ती जन्मभर लागते. शुगरची, बीपीची गोळी जन्मभर घेतो, तशीच ही. एकदम बंद केली तर काय होतं, ते सुरुवातीला सांगितलंच आहे.

समोर फिट आली तर

* घड्याळ बघा. चूल, कोपरे, पाणी यांपासून माणसाला दूर करा. डोक्याखाली मऊ कापड ठेवा, गळ्याजवळचं सैल करा.
* झटके थांबले की कुशीवर वळवा, म्हणजे लाळ बाहेर येईल.
* हातपाय दाबून धरू नका. तोंडात चमचा, बोट, पाणी, काही घालू नका. जीभ गिळली जात नाही.
* चप्पल, कांदा हुंगवू नका. फिट बहुतेक वेळा दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबते, श्रेय मात्र चपलेला मिळतं.
* पाच मिनिटं उलटली, शुद्ध न येता दुसरी फिट आली, बाई गरोदर असली, डोक्याला मार लागला किंवा आयुष्यातली पहिलीच फिट असली, तर १०८ ला फोन करा.

पुढच्या वेळी दवाखान्याच्या खिडकीपुढे उभे राहाल तेव्हा मागे कितीही रांग असो, चार प्रश्न विचारा. या गोळीचं नाव काय? सुरुवातीला काय त्रास होईल? कोणता त्रास झाला तर लगेच यायचं? दुसरी कोणती गोळी हिच्यासोबत चालत नाही? उत्तरं वहीत लिहून घ्या. लिहिता येत नसेल तर शाळेत जाणारं पोर सोबत न्या. खिडकीच्या आत उभी असलेली सिस्टर कदाचित वैतागेल. मी पण वैतागले असते. तरी विचारा.